दर्शनी नांवें व घरगुती नांवें

मोबाइलच्या पडद्यावर मराठी मजकूर उमटतो तेव्हां 'क' आणि 'ष' एकत्र येऊन 'क्ष' कसा होतो, ऱ्हस्व इकार उच्चारांत व्यंजनानंतर येत असूनहि लिहितांना त्याच्या आधीं कसा जाऊन बसतो, 'आचार्य' आणि 'सुऱ्या' यांतील 'र' चे दोन प्रकार कोण निराळे ठेवतो, याचा विचार वाचणारा सहसा करीत नाहीं. बहुतेक ठिकाणीं हें काम एकच कारागीर करीत असतो. त्याचें नांव हार्फबझ. नांव फारसी आहे. त्यांतील 'हर्फ' म्हणजे अक्षर, आणि मराठींत 'एक हरफहि काढला नाहीं' असें आपण म्हणतों त्यांतील हरफ तो हाच. 'बाझ' म्हणजे उघडा, मोकळा. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या साऱ्यांत अक्षरांची जुळणी करण्याचें काम याच्याकडे आहे. मराठीभाषक घरांत दिवसाकाठीं जेवढीं जोडाक्षरें पडद्यावर वाचलीं जातात, त्यांतील फार मोठा भाग याच्या हाताखालून गेलेला असतो.

हार्फबझ हा आपला आपण चालणारा प्रोग्रॅम नव्हे. ती एक लायब्ररी आहे. संगणकाच्या परिभाषेंत लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे, तर दुसऱ्या प्रोग्रॅमांनीं हांक मारून काम करून घ्यावें यासाठीं सिद्ध करून ठेवलेला फंक्शनांचा संच. पूर्वीं अशा संचांतील जरूर तेवढा भाग प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटांत भरून टाकीत. ती पद्धत आजहि मोडलेली नाहीं. पण तिच्यांत दहा प्रोग्रॅमांसाठीं तोच माल दहा ठिकाणीं सांठवावा लागतो, आणि मालांत दोष निघाला तर दहाहि प्रोग्रॅम पुन्हां बांधावे लागतात. यावर उपाय म्हणून सामाईक लायब्ररी आली. ती डिस्कवर एकदांच ठेवावयाची आणि प्रोग्रॅम सुरू होतांना त्याच्याशीं जोडून द्यावयाची. विंडोजवर हिला डीएलएल म्हणतात, लिनक्सवर शेअर्ड ऑब्जेक्ट आणि मॅकवर डायलिब. डीएलएल १९८५ सालच्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपासूनच होती. युनिक्सच्या कुळांत आज रूढ असलेली पद्धत १९८८ सालच्या सनओएस ४.० मध्यें आली व तिच्या पाठोपाठ आलेल्या सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तींत स्थिरावली.

ही जोडणी होते ती नांवांवरून. कंपायलर एका वेळीं एका फाइलीचें यंत्रभाषेंत रूपांतर करतो. त्या फाइलींत दुसरीकडील फंक्शनला हांक मारलेली असेल तर तें फंक्शन स्मृतींत कोठें असणार हें त्या वेळीं त्याला ठाऊक नसतें. म्हणून तो पत्त्याची जागा कोरी ठेवतो आणि शेजारीं नुसतें नांव लिहून ठेवतो. पुढें लिंकर, आणि सामाईक लायब्ररी असेल तर प्रोग्रॅम सुरू होण्याच्या क्षणीं लोडर, तें नांव शोधून कोऱ्या जागा भरतो. या नांवालाच सिंबॉल म्हणतात. मोठ्या लायब्ररींत अशीं नांवें हजारोंनीं असतात. त्यांपैकीं बाहेरच्या लोकांनीं वापरावीं अशीं थोडीं. बाकीचीं घरच्या कामाचीं. मग प्रश्न असा उभा राहतो कीं, लोडरच्या यादींत कोणतीं नांवें लावावीं आणि कोणतीं लावूं नयेत? वरवर पाहतां हा कारकुनी प्रश्न वाटतो. पण लायब्ररी लिहिणाराच्या कौशल्याची पारख करावयाची असेल तर याच प्रश्नापासून आरंभ करावा.

सी ही भाषा १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तयार झाली. त्या वेळीं सामाईक लायब्ररी कोणाच्या ध्यानींमनीं नव्हती. त्यामुळें तिच्यांत नांवांच्या दोनच पायऱ्या आहेत. फंक्शनच्या आधीं 'स्टॅटिक' हा शब्द लिहिला तर तें नांव त्या एका फाइलीपुरतें राहतें. न लिहिला तर तें सर्वांस मोकळें. एवढ्यानें भागत नाहीं. कारण लायब्ररी अनेक फाइलींची मिळून बनते आणि त्या फाइलींना एकमेकींच्या फंक्शनांची गरज असते. म्हणजे नांव फाइलीच्या बाहेर दिसलें पाहिजे, पण लायब्ररीच्या बाहेर दिसतां कामा नये. ही मधली पायरी भाषेंत नाहीं. ती निरनिराळ्या व्यवस्थांनीं निरनिराळ्या तऱ्हेनें पुरविली, आणि घोळ तेथूनच सुरू झाला.

लिनक्सवरील पद्धत समजावयास गिरगांवांतील एखादी जुनी चाळ डोळ्यांपुढें आणावी. पोस्टमन पत्र घेऊन येतो. पत्रावर नुसतें 'देशपांडे' एवढेंच लिहिलेलें आहे. खोली नाहीं, मजला नाहीं. पोस्टमन तळमजल्याच्या पहिल्या खोलीपासून दारावरच्या पाट्या वाचीत निघतो आणि जी पहिली देशपांड्यांची पाटी दिसेल तेथें पत्र टाकतो. चाळींत एकच देशपांडे असतील तोंवर सर्व ठीक चालतें. दुसरे राहावयास आले कीं त्यांचीं पत्रें आयुष्यभर पहिल्यांकडे जात राहतात, आणि दोघांसहि त्याचा पत्ता नसतो. लिनक्सचा लोडर नेमका असाच वागतो. प्रथम तो मूळ प्रोग्रॅमची यादी पाहतो, मग त्यानें मागितलेल्या लायब्रऱ्यांची, मग त्या लायब्रऱ्यांनीं मागितलेल्यांची. आणि जेथें नांव प्रथम सांपडेल तेथें थांबतो. त्यांतच भर अशी कीं, कांहीं न सांगितलें तर लायब्ररींतील प्रत्येक मोकळें नांव पाटीवर चढतें. घरांतील मोलकरणीचें आणि पाळण्यांतल्या बाळाचेंहि!

ज्यांनीं ही रचना केली ते अविचारी नव्हते. लोकांजवळ जुन्या पद्धतीचे, पोटांत भरलेल्या लायब्रऱ्यांचे प्रोग्रॅम होते, आणि नवी लायब्ररी शक्य तों त्यांसारखीच वागावी अशी त्यांची इच्छा होती. जुन्या पद्धतींत प्रोग्रॅम लिहिणारानें लायब्ररींतल्याच नांवाचें स्वतःचें फंक्शन लिहिलें तर त्याचें फंक्शन चाले. नव्या पद्धतींतहि तें चालावें, म्हणून 'पहिला तो खरा' हा नियम ठरला. त्याचा उपयोगहि होतो. 'एलडी प्रीलोड' या नांवाच्या सूचनेनें एखादी लायब्ररी सर्वांच्या पुढें उभी करतां येते. स्मृतीचें वांटप करणारें मूळचें फंक्शन बाजूस सारून त्याच्या जागीं अधिक चपळ फंक्शन बसवावयाचें असेल, किंवा एखादा प्रोग्रॅम कोणत्या फाइली उघडतो यावर नजर ठेवावयाची असेल, तर मूळ प्रोग्रॅमला हात न लावतां तें काम या युक्तीनें साधतें. तरीहि एका क्वचित् लागणाऱ्या सोयीपायीं चाळींतील प्रत्येक माणसाची पाटी दाराबाहेर लावणें हा महागडा व्यवहार म्हटला पाहिजे.

तो कसा महाग पडतो हें हार्फबझच्याच उदाहरणावरून पाहतां येतें. लिनक्सवर चालणाऱ्या फायरफॉक्सच्या पोटांत हार्फबझची स्वतःची एक प्रत असते. पण खिडक्या, मेनू वगैरे काढण्यासाठीं तो जीटीके या लायब्ररीची मदत घेतो. जीटीके मजकुरासाठीं पँगोला बोलावते. आणि पँगो त्या संगणकावर आधींच बसविलेल्या हार्फबझला बोलावते. म्हणजे एकाच चालत्या प्रोग्रॅममध्यें दोन हार्फबझ झाले. दोघांच्या आवृत्त्या सारख्या असतील असा नेम नाहीं. आतां समजा, दोघांचींहि नांवें पाटीवर आहेत. पँगोनें आपल्या हार्फबझला मारलेली हांक लोडरनें दुसऱ्याकडे वळविली. नव्या आवृत्तीनें स्मृतींत मांडून ठेवलेली रचना जुनी आवृत्ति वाचूं लागली. नव्यानें जेथें लांबी लिहिली आहे तेथें जुन्याला पत्ता आहे असें वाटतें. तो त्या 'पत्त्या'वर जातो आणि प्रोग्रॅम कोसळतो. कोसळला तर नशीबच म्हणावयाचें. कारण न कोसळतां चुकीचें उत्तर देत राहणारा प्रोग्रॅम त्याहून घातक. अशा दोषाचा शोध घेणें फार अवघड जातें, कारण दोन्ही लायब्रऱ्या स्वतंत्रपणें तपासल्या तर निर्दोष ठरतात. या आपत्तीवर तोड म्हणजे पोटांतील प्रतीचीं नांवें झांकून ठेवणें, आणि फायरफॉक्स तेंच करतो.

विंडोजची रीत याच्या अगदीं उलट. तेथें न सांगतां एकहि नांव बाहेर जात नाहीं. जें बाहेर पाठवावयाचें त्याच्यावर 'डीएलएल एक्स्पोर्ट' असा शिक्का मारावा लागतो, किंवा 'डेफ' नांवाच्या एका वेगळ्या फाइलींत त्याची यादी द्यावी लागते. शिवाय वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्यें नुसतें नांव नसतें. अमुक डीएलएलमधील अमुक नांव अशी जोडीनें नोंद असते. म्हणजे येथला पोस्टमन खोली क्रमांकासह पत्ता मागतो, आणि एकाच नांवाचे दहा देशपांडे असले तरी त्याची फसगत होत नाहीं. वापरणारानेंहि 'डीएलएल इम्पोर्ट' अशी खूण करावी अशी अपेक्षा असते. फंक्शनच्या बाबतींत ती न केली तरी काम भागतें, फक्त एक वळसा जास्त पडतो. परंतु नुसत्या चलाच्या, म्हणजे माहिती सांठविणाऱ्या नांवाच्या, बाबतींत ती केल्यावांचून गत्यंतर नाहीं. मॅकवाल्यांनीं मधला मार्ग धरला. २००१ सालच्या मॅक ओएस एक्स १०.१ पासून त्यांच्याकडेहि लायब्ररी व नांव अशी दुहेरी नोंद होऊं लागली, परंतु पाटीवर सगळीं नांवें चढविण्याची युनिक्सची संवय मात्र तशीच राहिली.

एकच लायब्ररी तिन्ही ठिकाणीं चालावी अशी इच्छा धरणाराची यामुळें मोठी पंचाईत होई. विंडोजवर बांधावें तर एकहि नांव बाहेर दिसत नाहीं. लिनक्सवर बांधावें तर सगळींच दिसतात. पुष्कळांनीं लिनक्सवर काम करून मग तें विंडोजवर नेलें आणि लिंकरनें तक्रारींचा पाऊस पाडल्यावर प्रथमच या विषयाकडे लक्ष दिलें. युनिक्सच्या बाजूनें नांवें झांकण्याची सोय नव्हती असें नाहीं. लिंकरला एक यादी द्यावयाची, तींत बाहेर ठेवावयाचीं नांवें लिहावयाचीं व उरलेलीं सर्व घरगुती समजावीं असें सांगावयाचें, ही रीत जुनी आहे आणि आजहि उपयोगी पडते. पण यादी एकीकडे आणि प्रत्यक्ष फंक्शन दुसरीकडे, अशी ताटातूट झाली कीं दोहोंचा मेळ फार दिवस टिकत नाहीं. दुसरें असें कीं, यादी हातीं येते ती लिंकरच्या. तोंपर्यंत कंपायलरनें आपलें काम संपविलेलें असतें; अमुक फंक्शन घरगुती आहे हें त्याला कळलेलें नसतें, म्हणून तो प्रत्येक हांक दूरच्या वाटेनें जाईल अशीच व्यवस्था करून बसतो.

येथें एप्रिल २००५ मध्यें निघालेल्या जीसीसी ४.० या कंपायलरनें मोलाची भर घातली. एकेका नांवावर 'झांकलेलें' अशी खूण करण्याची सोय त्याच्या आधींच होती. या आवृत्तीपासून संपूर्ण लायब्ररी बांधतांना 'न सांगितलेलें तें सर्व झांकलेलें' असा हुकूम एका शब्दांत देतां येऊं लागला आणि सी प्लस प्लसच्या वर्गांनाहि तो नीट लागू पडूं लागला. यामुळें युनिक्सवरहि विंडोजसारखी रीत पाळणें शक्य झालें: आरंभीं सर्व दारें बंद, आणि मग हवीं तेवढींच उघडावयाचीं. पुढें क्लँगनेंहि तोच हुकूम त्याच शब्दांत मानला.

आतां उरलें तें खुणांच्या शब्दांतील भेद मिटविणें. त्यासाठीं लायब्ररीच्या हेडर फाइलींत एक मॅक्रो करतात. मॅक्रो म्हणजे असा एक शब्द कीं ज्याचा अर्थ परिस्थिति पाहून ठरतो. बाहेर दाखवावयाच्या प्रत्येक फंक्शनच्या आधीं तो शब्द लिहावयाचा. विंडोजवर लायब्ररी बांधली जात असेल तेव्हां त्याचा अर्थ 'निर्यात'; विंडोजवरच पण दुसरा कोणी ती लायब्ररी वापरीत असेल तेव्हां 'आयात'; लिनक्स व मॅकवर 'दिसूं दे'; आणि लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटांतच भरली जाणार असेल तेव्हां कांहींच नाहीं. बांधणारा कोण आणि वापरणारा कोण हें कंपायलरला आपोआप कळत नाहीं. म्हणून लायब्ररी बांधतांनाच तेवढी एक खूण आज्ञेबरोबर द्यावयाची व इतर वेळीं ती द्यावयाची नाहीं, असा संकेत असतो. नवशिक्यांची ठेंच येथेंच लागते. तीच खूण वापरणाऱ्या प्रोग्रॅमलाहि दिली तर तो प्रोग्रॅम, जें आपल्याजवळ नाहीं तें निर्यात करण्याचा आव आणतो. उलट, लायब्ररी पोटांत भरावयाची असून 'आयात' हा अर्थ लागला तर लिंकर त्याच नांवाला 'इंप' हें उपपद लागलेलें एक भलतेंच नांव शोधीत बसतो आणि तें मिळत नाहीं म्हणून काम थांबवितो. सीमेक या बांधणीच्या साधनांत २०११ पासून ही हेडर फाइल आपोआप लिहून मिळते, आणि हातानें लिहिण्याचा हट्ट धरण्यापेक्षां ती घेतलेली बरी. त्याच साधनांत २०१५ पासून विंडोजवरहि सर्व नांवें निर्यात करण्याची एक सोय झाली आहे. जुना युनिक्सचा माल घाईनें विंडोजवर न्यावयाचा असेल तर तिचा उपयोग होतो. नव्या कामांत तिचा आश्रय करणें म्हणजे विंडोजनें आपण होऊन लावलेलें दार कुऱ्हाडीनें तोडण्यासारखें आहे.

पायथॉन या सर्वपरिचित भाषेचा इतिहास या बाबतींत बोधक आहे. विंडोजवर कोणतीं नांवें निर्यात करावयाचीं हें दाखविणारे मॅक्रो तिच्या मूळ आज्ञावलींत आधींपासून होते, पण लिनक्सवर ते नुसते शोभेचे; तेथें सर्व नांवें मोकळीच. दोहोंकडे एकच नियम लावावा अशी सूचना २०११ मध्यें आली आणि ती अंमलांत आली ऑक्टोबर २०२० मध्यें निघालेल्या ३.९ या आवृत्तींत. जवळजवळ साडेनऊ वर्षें! विलंबाचें नवल वाटूं नये. एकदां पाटीवर चढलेलें नांव कोण कोण वाचून गेलें आहे याची मोजदाद कोणापाशींच नसते. पायथॉनमध्यें घरगुती नांवांच्या आरंभीं अधोरेषा लिहिण्याचा संकेत होता. 'हें आमच्या घरचें आहे, वापरूं नये' असा तिचा अर्थ. परंतु जें दिसतें आणि चालतें तें लोक वापरतात. २०२३ मध्यें ३.१३ या आवृत्तीच्या तयारीच्या वेळीं अशीं खाजगी नांवें मोठ्या संख्येनें सार्वजनिक हेडरांतून काढून टाकलीं, तों ठिकठिकाणच्या लायब्रऱ्या बांधल्या जाईनात, आणि त्यांतील कांहीं नांवें परत जागेवर आणून ठेवावीं लागलीं.

अँड्रॉइडवरील अनुभव तर कोट्यवधि घरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचला. फोनमध्यें व्यवस्थेच्या अंतर्गत कामाच्या अनेक लायब्रऱ्या असतात. कांहीं ॲप लिहिणाऱ्यांनीं त्या परस्पर वापरण्यास आरंभ केला. पुढील आवृत्तींत त्या बदलल्या कीं कालपर्यंत चालणारें ॲप अद्यतनानंतर उघडतांक्षणीं बंद पडे, आणि बिचारा मालक फोनला दोष देई. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७.० पासून लोडरच अशा खाजगी लायब्रऱ्या ॲपला देईनासा झाला. कांहीं ॲप त्या वेळीं मोडले व त्यांच्या लेखकांनीं बरीच ओरड केली. त्यांचें म्हणणें सर्वस्वी चुकीचें नव्हतें. जें काम त्यांना हवें होतें त्यासाठीं पुष्कळदां दुसरा राजमार्ग उपलब्ध नव्हता. पण मागच्या दारानें येणाऱ्याला घरमालकानें भिंत हलवूं नये असें म्हणतां येत नाहीं.

नांवें झांकल्यानें दुसराहि एक लाभ होतो, आणि तो वेगाचा. मोकळ्या नांवाच्या फंक्शनला त्याच लायब्ररींतून हांक मारली तरी, न जाणों कोणी दुसऱ्यानें त्या नांवावर हक्क सांगितला असेल, या शंकेनें ती हांक एका तक्त्यांत पाहून मगच पुढें जाते. स्वयंपाकघरांतून माजघरांत निरोप पाठवावयाचा तरी तो पोस्टांतून पाठवावा तसें हें झालें. नांव झांकलेलें असेल तर कंपायलर सरळ उडी घेतो. फंक्शन लहान असेल तर तें जागच्या जागींच उलगडून ठेवतो. याच शंकेपायीं किती वेळ फुकट जातो याचें एक मोजमाप फेडोरानें केलें आहे. त्यांच्या २०२० सालच्या ३२ व्या आवृत्तींत पायथॉन बांधतांना 'घरांतल्या हांका कोणी अडविणार नाहीं असें समज' एवढेंच कंपायलरला सांगितलें, तेव्हां पायथॉनचे प्रोग्रॅम कामाच्या प्रकाराप्रमाणें ५ ते २७ टक्क्यांनीं लवकर आटपूं लागले. मूळ आज्ञावलींतील एक अक्षरहि बदललेलें नव्हतें. शिवाय लोडरचें काम हलकें होतें तें वेगळेंच. सी प्लस प्लसच्या कांहीं अवाढव्य लायब्रऱ्यांत नांवांची संख्या एवढी फुगलेली असे कीं, त्या नुसत्या चढविण्यास सहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. घरगुती नांवें झांकल्यावर तो कांहीं सेकंदांवर आल्याचा दाखला जीसीसीच्या लेखकांनीं नमूद केलेला आहे.

मात्र झांकण्याचाहि अतिरेक बाधतो. लायब्ररीनें एखादी चूक घडल्याची वार्ता अपवादाच्या रूपानें बाहेर फेंकली आणि वापरणाऱ्या प्रोग्रॅमनें ती झेलावयाची, असा सी प्लस प्लसमध्यें परिपाठ आहे. झेलणारा त्या वार्तेचा प्रकार ओळखतो तो तिच्याबरोबर आलेल्या ओळखपत्रावरून. त्या प्रकाराचें नांवच झांकून ठेवलें तर दोन्हीकडे निरनिराळीं ओळखपत्रें तयार होतात, आणि ज्या व्यवस्थेंत तीं केवळ जागेवरून ताडून पाहिलीं जातात तेथें झेलणारा म्हणतो, 'हा माझा पाहुणा नव्हे.' वार्ता कोणीच झेलीत नाहीं आणि प्रोग्रॅम मरतो. म्हणून बाहेर जाणारे अपवाद नेहमीं दर्शनी ठेवावे लागतात. हेडरमध्येंच लिहिलेल्या फंक्शनांत एखादा गणक ठेवला असेल तर तोहि असाच फसवितो: मोकळ्या नांवांच्या लिनक्सवर साऱ्या लायब्रऱ्यांत मिळून त्याची एकच प्रत राहते, नांव झांकलें कीं प्रत्येकीची वेगळी होते, आणि विंडोजवर तर ती नेहमीं वेगळीच असते. लिनक्सवर बरोबर येणारी बेरीज विंडोजवर कां चुकते, याचें उत्तर पुष्कळदां येथें सांपडतें.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करणें जरूर आहे. झांकलेलें नांव म्हणजे कुलूपबंद वस्तु नव्हे. पाटी काढली म्हणून खोली नाहींशी होत नाहीं; तिचा ठावठिकाणा ज्याला शोधावयाचाच आहे तो शोधून काढतो. एका प्रोग्रॅममध्यें एकत्र चढलेल्या सर्व लायब्रऱ्या एकाच छपराखालीं राहतात आणि त्यांच्यामध्यें खरी भिंत नसते. मार्च २०२४ मध्यें याचा जो धडा मिळाला तो संगणकाच्या जगास दीर्घकाळ स्मरेल. एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतील लायब्ररींत कोणी गुप्तपणें चोरदार बसविलें होतें. दुरून संगणकांत प्रवेश देणारा एसएसएच हा पहारेकरी तिला स्वतः बोलावीत नसे. पण डेबियन व फेडोरा यांच्या मांडणींत तो सिस्टिमडीच्या लायब्ररीस बोलावी आणि ती हिला. एवढ्या आडवाटेनें आंत येऊन त्या चोरदारानें, लोडर कोऱ्या जागा भरीत असतांनाच, सही पडताळण्याच्या एका फंक्शनच्या नांवासमोर आपला पत्ता लिहून ठेवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास प्रवेशास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो एवढाच संशय आला आणि त्यानें धागा पकडून मूळ शोधलें, म्हणून तें चोरदार सर्वदूर पसरण्यापूर्वींच सांपडलें. नांवें झांकण्याच्या शिस्तीनें हा घाला टळला नसता. ती शिस्त प्रामाणिक शेजाऱ्यांतील घोटाळे टाळण्यासाठीं आहे. चोरासाठीं निराळे उपाय योजावे लागतात.

राहतां राहिला प्रश्न तो नियमाच्या पालनाचा. माणसें बदलतात, फाइली वाढतात, आणि घाईंत लिहिलेल्या एखाद्या फंक्शनवर खूण करावयाची राहून जाते. हार्फबझच्या मंडळींनीं यावर केलेली तजवीज अनुकरणीय आहे. त्यांचें आंतील काम सी प्लस प्लसमध्यें चालतें, पण बाहेरचा सर्व व्यवहार साध्या सी भाषेच्या नांवांनीं. कारण सी प्लस प्लसचा कंपायलर प्रत्येक नांवांत त्याच्या अर्थांशांचे प्रकारहि गुंफून एक लांबलचक सामासिक शब्द बनवितो, आणि मायक्रोसॉफ्टचा समास जीसीसीच्या समासाशीं जुळत नाहीं. सी भाषेचें नांव बहुतेक जसेंच्या तसें राहतें. बाहेरच्या प्रत्येक नांवाच्या आरंभीं 'एचबी' हीं दोन अक्षरें व एक अधोरेषा असावयाचीच. आंतील नांवांवर झांकण्याची खूण असते. विंडोजसाठीं लागणारी 'डेफ' यादी हातानें लिहीत नाहींत. सार्वजनिक हेडर वाचून ती एक छोटा प्रोग्रॅम तयार करतो. आणि लायब्ररी बांधून झाली कीं तपासणीचा आणखी एक प्रोग्रॅम तयार मालाच्या दारावरील प्रत्येक पाटी वाचतो. उपपद नसलेलें एक जरी नांव बाहेर आढळलें, तरी तो तें नांव छापून दाखवितो आणि तपासणी नापास करतो.